पाणी आणि खतावणी
(आम्स्टरडॅमच्या इतिहासाचे एक वाचन)

आम्स्टरडॅम या शहराचा पहिला लेखी उल्लेख एका जकातमाफीच्या पत्रात सापडतो. हॉलंडचा काउंट पाचवा फ्लोरिस याने २७ ऑक्टोबर १२७५ रोजी ते पत्र दिले. आम्स्टल नदीवरील बांधाजवळ वस्ती करून राहिलेले लोक आपला माल घेऊन हॉलंडच्या मुलखातून जात असतील, तर पुलांवर, जलद्वारांवर आणि बांधांवर त्यांच्याकडून कर घेऊ नये, एवढाच त्याचा आशय. रोमच्या आरंभी लांडगीच्या दुधावर वाढलेल्या जुळ्यांची कथा आहे, व्हेनिसच्या वैभवामागे संत मार्कच्या अस्थींची कथा आहे; आपल्याकडे तर नदीकाठच्या लहानशा गावालाही स्थळपुराण असते. आम्स्टरडॅमलाही पुढे, १३४५ मध्ये, एक चमत्कार लाभला आणि काही काळ ते यात्रेचे गावही झाले. परंतु जन्माच्या वेळी या शहराच्या हाती होता तो कागद हिशेबाचा. साडेसातशे वर्षांनंतरही तो तेथील नगर-अभिलेखागारात जपून ठेवलेला आहे.

कालव्यांचे शहर म्हणून आम्स्टरडॅमची कीर्ती जगभर आहे. एकापुढे एक असे अर्धवर्तुळाकार कालवे, त्यांवरील कमानींचे पूल, काठावरचे एल्म वृक्ष, विटांच्या अरुंद उंच घरांची पाण्यात थरथरणारी प्रतिबिंबे, हे चित्र आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. या चित्राइतकीच त्या शहराची दुसरी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. हे शहर प्रत्येक गोष्ट लिहून ठेवत आले. पाण्याची पातळी, मालाची आवक, भागधारकांची नावे, दिवाळखोराच्या घरातील भांडी, बहिष्कृताचा अपराध, नागरिकाचा धर्म, या साऱ्यांची येथे नोंद झाली. पाण्याने या शहराला आकार दिला. वृत्ती दिली ती खतावणीने. आणि ज्या वहीने त्याला मोठे केले, त्याच वहीने विसाव्या शतकात त्याच्या हजारो नागरिकांचा घात केला. या दोन गोष्टी एकत्र वाचल्याशिवाय आम्स्टरडॅमचा इतिहास वाचून होत नाही, असे मला वाटते.

प्रथम पाण्याचा विचार करू. हे शहर ज्या भूमीवर उभे आहे, तिला भूमी म्हणणे हे सौजन्यच होय. वर दलदलीचा कुजका थर, त्याखाली मऊ चिकणमाती, आणि सुमारे बारा मीटर खोलीवर वाळूचा पहिला भक्कम थर. इमारत उभी करायची तर त्या वाळूपर्यंत लाकडाचे खांब ठोकावे लागत. पाण्याखाली बुडालेल्या लाकडाला हवा लागत नाही, म्हणून ते शतकानुशतके कुजत नाही. पाणी उतरले तर मात्र त्याला कीड लागते. म्हणजे ज्या पाण्याचे भय बाळगायचे, तेच पाणी योग्य पातळीवर राखले तर पायाचे रक्षण करते. दाम चौकातील प्राचीन नगरभवन, जे पुढे राजवाडा झाले, अशा १३,६५९ खांबांवर उभे आहे. हा आकडा तेथील शाळकरी मुलांना तोंडपाठ असतो: वर्षाचे दिवस ३६५, त्यांच्या आधी एक आणि शेवटी नऊ. इमारतीच्या सौंदर्याइतकाच तिच्या खालच्या खांबांचा हिशेब लक्षात ठेवणारे शहर विरळाच.

पाण्याशी एकट्याने झुंज घेता येत नाही. एका शेतकऱ्याने आपल्या वाट्याच्या बांधाकडे दुर्लक्ष केले, तर शेजाऱ्याचे शेत बुडते. म्हणून हॉलंडमध्ये तेराव्या शतकापासूनच पाण्याची व्यवस्था पाहणारी स्थानिक मंडळे उदयास आली. बांधांची तपासणी, दुरुस्तीसाठी वर्गणी, कसूर करणाऱ्याला दंड, आणि या सर्वांची लेखी नोंद ही त्यांची कामे. शिस्त आणि नोंद या गुणांचे मूळ असे चिखलात आहे. सतराव्या शतकात या परंपरेने एक विलक्षण टप्पा गाठला. गणितज्ञ असलेला योहानेस हुडे हा त्या काळी आम्स्टरडॅमच्या नगराध्यक्षांपैकी एक होता. १६८३ ते १६८४ या वर्षात भरतीच्या पाण्याची उंची सातत्याने मोजून शहराची एक प्रमाण पातळी ठरवण्यात आली. जलद्वारांमध्ये संगमरवरी शिळा बसवून त्यांवर आडवी खाच कोरण्यात आली: समुद्रबांधाचा माथा या खाचेपासून नऊ फूट पाच इंच वर. त्या आठ शिळांपैकी एकच आज मूळ जागी उरली आहे. परंतु त्या खाचेतून निघालेली आम्स्टरडॅमची पातळी पुढे साऱ्या नेदरलंड्समध्ये प्रमाण ठरली, आणि युरोपातील इतर देशांनीही आपल्या उंच्या मोजण्यासाठी तिचा आधार घेतला. एका शहराने आपल्या अंगणातील पाण्याची नोंद केली आणि ती खंडाचे माप बनली.

कालव्यांची सुप्रसिद्ध मेखला याच हिशेबी बुद्धीचे अपत्य आहे. सोळाव्या शतकाच्या सत्तरीत तीस हजारांच्या आसपास असलेली वस्ती पुढील शतकभरात दोन लाखांपर्यंत गेली. १५८५ मध्ये अँटवर्प स्पेनच्या हाती पडल्यावर तेथील व्यापारी, कारागीर आणि भांडवल उत्तरेकडे आले. आयबेरियातून धर्मछळाला कंटाळलेले ज्यू आले. पुढे फ्रान्समधून प्रॉटेस्टंट आले. या लोकसंख्येसाठी १६१३ पासून हेरेनग्राख्त, काइझर्सग्राख्त आणि प्रिन्सेनग्राख्त हे तीन मोठे कालवे खोदण्यास प्रारंभ झाला. नावांतच सामाजिक उतरंड आहे: सरदारांचा कालवा, सम्राटांचा कालवा, राजपुत्रांचा कालवा. विस्ताराचा दुसरा टप्पा १६६० नंतर आम्स्टल नदीपर्यंत आणि तिच्या पलीकडे गेला. कालवा म्हणजे रस्ता, गटार, बंदर आणि शोभा या चारही गोष्टी एकत्र. खोदलेल्या मातीने काठाची जमीन उंच करायची, तिचे सारख्या रुंदीचे भूखंड पाडायचे आणि लिलावात विकायचे, अशी योजना होती. योजनेची आगाऊ माहिती असलेल्या काही नगरपालांनी त्या जमिनी आधीच स्वस्तात खरेदी करून ठेवल्या होत्या, हेही नोंदले गेले आहे. पश्चिमेच्या योर्डान या कष्टकऱ्यांच्या वस्तीसाठी मात्र आखीव योजना झाली नाही. तेथील अरुंद कालवे आणि गल्ल्या जुन्या शेतांतील पाटांच्या तिरक्या रेषांवरच बसवण्यात आल्या. आजही नकाशा पाहिला तर श्रीमंतांचे वळणदार कालवे आणि गरिबांच्या तिरप्या गल्ल्या यांचा सांधा कोठे जुळत नाही ते दिसते. २०१० मध्ये ही सतराव्या शतकातील कालवा-मेखला जागतिक वारसा म्हणून मान्य झाली.

काठावरील घरे पाहताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. प्रत्येक घराच्या माथ्यावर एक तुळई बाहेर आलेली असते आणि तिच्या टोकाला लोखंडी आकडा असतो. त्याला कप्पी बांधून माल थेट माळ्यावर चढवला जाई; दोरखंडाला लोंबकळणारा माल भिंतीवर आपटू नये म्हणून कित्येक घरे पुढे किंचित झुकलेली बांधली जात. घरमालक खाली राहत असे आणि त्याच्या डोक्यावर मिरी, दालचिनी, धान्य नाही तर कापड साठवलेले असे. निवासस्थान आणि वखार यांत भेद नव्हता.

ही वखारीची संस्कृती समजून घेण्यासाठी एका नोंदवहीकडे वळले पाहिजे. डच ईस्ट इंडिया कंपनीची स्थापना मार्च १६०२ मध्ये झाली. तिच्या आम्स्टरडॅम शाखेचे भांडवल उभे करण्यासाठी एक वही उघडण्यात आली आणि ती डिर्क व्हान ओस या संचालकाच्या घरी ठेवण्यात आली. ज्याला पैसे गुंतवायचे त्याने तेथे जाऊन नाव लिहावे. ऑगस्टअखेर एक हजार एकशे त्रेचाळीस नावे नोंदली गेली. अखेरच्या नावांत एक नाव त्या घरातील मोलकरणीचे आहे: नेल्टखेन कोर्नेलिस, शंभर गिल्डर. महिनाभर मालकाच्या दारातून आत येणारे श्रीमंत ती पाहत होती. शेवटी आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून साठवलेले पैसे तिनेही त्या वहीत टाकले. त्या काळी भागधारकाला कागदी प्रमाणपत्र मिळत नसे. भाग म्हणजे वहीतील एक ओळ. ती विकायची तर एका नावावरून खोडून दुसऱ्या नावावर चढवायची. जगातील पहिला आधुनिक भागबाजार असा एका नोंदीच्या आधाराने उभा राहिला. १६०९ मध्ये नगरपालिकेच्या छत्राखाली विनिमय-पेढी निघाली. तेथे नाणी ठेवायची आणि व्यवहार कागदावर करायचे. वहीतील अंक हा हातातील नाण्याहून अधिक विश्वासार्ह ठरला, ही मानवी इतिहासातील लहान घटना नव्हे.

याकोब व्हान काम्पेन या वास्तुशिल्पीने आराखडा केलेले, १६५५ मध्ये उद्घाटन झालेले नगरभवन हे या आत्मविश्वासाचे मंदिर होय. त्याच्या मध्यवर्ती सभागृहाच्या फरशीवर पृथ्वीच्या दोन गोलार्धांचे आणि उत्तर आकाशाचे नकाशे संगमरवरात जडवलेले आहेत. आम्स्टरडॅमचा नागरिक तेथे जगावर पाय ठेवून चालत असे. ही रूपकाची भाषा झाली. पण बांदा बेटांवरील लोकांसाठी ती अक्षरशः खरी होती. जायफळाच्या व्यापारावर एकाधिकार मिळवण्यासाठी १६२१ मध्ये यान पीटरसझोन कून याने त्या बेटांवर जो संहार केला, त्यात सुमारे पंधरा हजारांच्या वस्तीपैकी हजारभर माणसे मागे उरली असा अंदाज आहे. १६८३ पासून आम्स्टरडॅम शहर सुरिनामच्या वसाहतीचे एक तृतीयांश मालक होते. व्यक्ती नव्हे, कंपनी नव्हे, खुद्द नगरपालिका गुलामांच्या मळ्यांची भागीदार होती. डच जहाजांनी अटलांटिक महासागरापार सुमारे सहा लाख आफ्रिकी स्त्री-पुरुष नेले. जहाजांच्या कागदपत्रांत त्यांची नोंद मालाच्या नोंदींसारखीच नगांत होते. डच साम्राज्याने १८६३ मध्ये गुलामगिरी रद्द केली, पण सक्तीची दहा वर्षे आणखी लादली. आणि ती संपताच १८७३ मध्ये ‘लल्ला रूख’ या जहाजातून पहिले हिंदी गिरमिटिये सुरिनामला उतरले. त्यांचे वंशज आज नेदरलंड्समध्येही आहेत.

आपल्या किनाऱ्याशीही या खतावणीचा संबंध आहे. डचांनी १६३७ मध्ये वेंगुर्ल्यास वखार घातली. गोव्यातील पोर्तुगीजांवर दाब ठेवण्यासाठी ती मोक्याची जागा होती. तेथील कारकुनांनी वरिष्ठांना पाठवलेल्या पत्रांत कोकणातील घडामोडी येतात, आणि शिवकालाच्या अभ्यासकांना त्यांचा उपयोग झाला आहे. ज्यांनी ती लिहिली त्यांना मिरीचे भाव कळवायचे होते. आपल्या इतिहासाचे साधन आपण तयार करत आहोत, याची त्यांना कल्पनाही नव्हती. आणखी जवळचा संबंध मुद्रणाचा आहे. आम्स्टरडॅम हे सतराव्या शतकातील युरोपचे मोठे मुद्रणकेंद्र होते. १६६७ मध्ये तेथे छापलेल्या आथानासियुस किर्शरच्या चीनविषयक ग्रंथात देवनागरी वर्णमालेचे कोरीव पट आले. आग्र्यास राहून संस्कृत शिकलेल्या हाइनरिख रोथ या जेझुइटाने ते सिद्ध केले होते. मलबारचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान रेडे याने करवून घेतलेला ‘हॉर्टुस मलबारिकुस’ हा वनस्पतींवरील बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅममध्येच प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट या कोचीनच्या तिघा कोकणी वैद्यांचे १६७५ मधील साक्षपत्र नागरी लिपीत, कोकणी भाषेत छापलेले आहे. ज्या काळी आपल्या देशात नागरीचा छापखाना नव्हता, त्या काळी उत्तर समुद्राकाठच्या या गावात आपली लिपी ताम्रपटावर कोरली जात होती. मळाबारी इट्टी अच्युतन वैद्याचे ज्ञानही त्याच ग्रंथात नावानिशी नोंदले गेले. खतावणी नेहमीच माणसाला नग करत नाही. कधी ती त्याला नावही देते, हे येथे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे.

आम्स्टरडॅमच्या सहिष्णुतेचे गोडवे पुष्कळांनी गायिले आहेत. त्यांत तथ्य आहे. तथापि ही सहिष्णुताही बव्हंशी हिशेबाची होती. १५७८ मध्ये शहर प्रॉटेस्टंटांकडे आल्यावर कॅथलिकांना उघड उपासना करण्यास बंदी झाली. पण घराच्या आत ते काय करतात याकडे अधिकारी काणाडोळा करत, आणि त्या काणाडोळ्याची रक्कम ठरलेली असे. १६६३ मध्ये पूर्ण झालेले एक माळ्यावरील देवालय आजही पाहता येते: बाहेरून व्यापाऱ्याचे घर, आत तीन मजले चढून गेल्यावर वेदी, वाद्य आणि सज्जे यांसह संपूर्ण चर्च. ज्यूंना येथे पोर्तुगाल-स्पेनमधील अग्निकुंडापासून संरक्षण मिळाले. १६७५ मध्ये त्यांनी उभारलेले भव्य प्रार्थनामंदिर आजही मेणबत्त्यांच्या प्रकाशात भरते. मात्र बहुतेक कारागीर-संघांची दारे त्यांना बंद होती. आणि विचारांच्या स्वातंत्र्यालाही सीमा होती. आड्रियान कूरबाख या विद्वानाने धर्मावरील शंका लॅटिनऐवजी लोकांच्या डच भाषेत मांडल्या. त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली आणि १६६९ मध्ये तो बंदिवासातच मरण पावला.

या शहराच्या स्वभावाचे दोन्ही पैलू एकाच आठवड्यात पाहायचे असतील, तर जुलै १६५६ कडे वळावे. त्या महिन्याच्या २५ व २६ तारखांना दिवाळखोरी-न्यायासनाचे कारकून ब्रेस्ट्राट या रस्त्यावरील एका घरात गेले आणि खोलीमागून खोली करत तेथील वस्तूंची यादी करू लागले. घर रेम्ब्रांटचे होते. १६३९ मध्ये तेरा हजार गिल्डरला घेतलेल्या त्या घराचे कर्ज त्याला फेडता आले नव्हते. चित्रे, पुतळे, शंख-शिंपले, शस्त्रे, आरसे, खुर्च्या, अशा ३६३ नोंदी झाल्या. ज्या कार्यालयात हे प्रकरण चालले, त्याच्या नगरभवनातील दारावर इकारसच्या पतनाचे शिल्प आहे आणि त्याभोवती रिकाम्या पेट्या, न फेडलेली बिले आणि उंदीर कोरलेले आहेत. कलावंताचा सर्वस्वाचा लिलाव झाला. पण त्या निर्दय यादीमुळेच पुढे त्या घराची अंतर्रचना जशीच्या तशी पुन्हा मांडता आली. त्याच सुमारास, दिवाळखोरीच्या छायेत, रेम्ब्रांट मोगल लघुचित्रे समोर ठेवून शाहजहान आणि त्याच्या दरबाऱ्यांची रेखाटने करत होता; त्यांतील वीसहून अधिक आज उपलब्ध आहेत.

यादी पूर्ण झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २७ जुलै रोजी, जवळच्याच एका कालव्याकाठच्या ज्यू प्रार्थनामंदिरात तेवीस वर्षांच्या बारुख स्पिनोझाला वाळीत टाकल्याचे जाहीर झाले. त्याच्याशी कोणी बोलू नये, त्याच्या छपराखाली राहू नये, त्याचे लेखन वाचू नये. समाजाच्या ठरावांच्या वहीत हा मजकूर पोर्तुगीज भाषेत लिहिला गेला. छळातून सुटून आलेल्या समाजानेच आपल्यातील एकाला हाकलावे, यात त्या समाजाची भीतीही होती: यजमान शहराची मर्जी गेली तर जायचे कोठे? १६७० मध्ये स्पिनोझाने विचारस्वातंत्र्याचे समर्थन करणारा ग्रंथ छापला तो निनावी, आणि मुखपृष्ठावर आम्स्टरडॅमऐवजी हँबर्गचे खोटे नाव घालून. ज्या शहराच्या स्वातंत्र्याचे गुणगान त्या ग्रंथात आहे, त्याचेच नाव छापण्याची सोय नव्हती. ज्या कालव्याकाठी त्याला बहिष्कृत केले तो १८८२ मध्ये बुजवला गेला. आज तेथे बाजार भरतो. २००८ मध्ये जवळच त्याचा पुतळा उभारण्यात आला.

पुढील दीड शतकाची कथा उताराची आहे आणि ती थोडक्यात सांगता येते. विनिमय-पेढीने डबघाईला आलेल्या कंपनीला गुपचूप कर्जे दिली. वहीत एक आणि तिजोरीत दुसरे असे झाले, आणि विश्वास उडाला. १७९९ अखेर कंपनी संपुष्टात आली. १८०८ मध्ये लुई नेपोलियनने नगरभवनाचा राजवाडा केला. १८७६ मध्ये उत्तर समुद्रापर्यंत नवा कालवा खुला झाल्यावर बंदराला पुन्हा जीव आला. त्याच काळात आतील काही कालवे बुजवून रस्ते करण्यात आले. आता वळले पाहिजे ते १९४० च्या मे महिन्याकडे, जेव्हा जर्मन सैन्याने नेदरलंड्स व्यापले.

नेदरलंड्समध्ये प्रत्येक नागरिकाचे नोंदपत्र नगरपालिकेत असे; त्यात नाव, जन्म, पत्ता, व्यवसाय आणि धर्म. ही व्यवस्था कार्यक्षम होती आणि तिचा अभिमान बाळगला जाई. धर्माची नोंद पूर्वी निरुपद्रवी वाटत होती. जानेवारी १९४१ मध्ये ज्यूंनी स्वतंत्र नोंदणी करावी असा हुकूम निघाला, आणि बहुतेक सर्वांनी ती केली. कायदा पाळणारा, अर्ज भरणारा नागरिक हाच येथील आदर्श होता. राष्ट्रीय नोंदणी-खात्याचा प्रमुख याकोब लेंट्स याने अशी ओळखपत्रे सिद्ध केली की त्यांची नक्कल करणे जवळपास अशक्य होते; आपले काम निर्दोष करणे एवढेच त्याचे ध्येय होते. मे १९४१ मध्ये आम्स्टरडॅम नगरपालिकेच्या सांख्यिकी कार्यालयाने जर्मनांच्या मागणीवरून शहराचा एक नकाशा तयार केला. त्यावर काळे ठिपके होते. एक ठिपका म्हणजे दहा ज्यू. सरळ हाताने, काळजीपूर्वक काढलेले ठिपके. ज्या हिशेबी वृत्तीने पाण्याची पातळी कोरली, तीच येथे कामाला लागली होती.

सारे शहर गप्प बसले होते असे मात्र नाही. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी ज्यू वस्तीतून चारशेहून अधिक तरुणांना पकडून नेण्यात आले, तेव्हा २५ तारखेला शहराने संप केला. ट्राम-कामगार, गोदी-कामगार, कारखान्यांतील स्त्री-पुरुष रस्त्यावर उतरले. व्याप्त युरोपात ज्यूंच्या छळाविरुद्ध झालेला असा सार्वत्रिक संप दुसरा नाही. दोन दिवसांत तो रक्तात बुडवण्यात आला. १९५२ मध्ये उभारलेला गोदी-कामगाराचा पुतळा त्याची साक्ष आहे. परंतु इतिहास येथे थांबला असता तर किती बरे झाले असते! ज्या ट्रामगाड्या त्या सकाळी आगारातून बाहेर पडल्या नव्हत्या, त्याच १९४२ च्या उन्हाळ्यापासून ज्यूंना स्थानकांवर पोहोचवू लागल्या. अठ्ठेचाळीस हजारांच्या आसपास माणसे अशी नेली गेली, आणि नगरपालिकेच्या ट्राम-सेवेने प्रत्येक फेरीचे बिल व्यापक सत्तेला पाठवले.

या वहीवर हात टाकण्याचे धैर्य काहींनी दाखवले. चित्रकार-लेखक विलेम आरोन्डेउस, शिल्पकार खेरित व्हान डर वेन आणि त्यांचे साथीदार २७ मार्च १९४३ च्या रात्री पोलिसांचे गणवेश घालून लोकसंख्या नोंदणी कार्यालयात शिरले. पहारेकऱ्यांना त्यांनी इजा न करता बाहेर नेले आणि कार्डांच्या कपाटांना आग लावली. अग्निशामक दल आले ते सावकाश. आणि आल्यावर त्यांनी आवश्यकतेपेक्षा किती तरी अधिक पाणी कागदांवर सोडले. सातशे वर्षे ज्या पाण्याला या शहराने थोपवून धरले होते, ते त्या रात्री मित्र होऊन आत आले. सुमारे पंधरा टक्के कार्डे नष्ट झाली. १ जुलै १९४३ रोजी आरोन्डेउससह बारा जणांना गोळ्या घालण्यात आल्या. मृत्यूपूर्वी त्याने आपल्या वकिलामार्फत एक निरोप ठेवला: समलिंगी माणसे भित्री नसतात, हे लोकांना कळावे. अनेक वर्षे तो निरोप सोयीस्करपणे बाजूला ठेवला गेला.

प्रिन्सेनग्राख्तवरील २६३ क्रमांकाच्या घरामागे आठ माणसे त्या वेळी लपून राहिली होती. पुढच्या भागात पेक्टिन आणि मसाल्यांचा व्यवसाय चाले. म्हणजे घर जुन्या आम्स्टरडॅमच्या रीतीचे, खाली कचेरी आणि वर वस्ती. शेजारी वेस्टर्केर्क, जेथे १६६९ मध्ये रेम्ब्रांटला निनावी थडग्यात पुरले. जुलै १९४२ ते ऑगस्ट १९४४ या काळात तेथे एक मुलगी वहीत लिहीत होती. शासनाच्या कार्डावर ॲन फ्रँक म्हणजे नाव, जन्मतारीख आणि धर्म. तिच्या वहीत मात्र ती स्वतः होती. दोन्ही नोंदीच, पण पहिली दुसऱ्याने केलेली होती. नेदरलंड्समधील सुमारे एक लाख चाळीस हजार ज्यूंपैकी एक लाख दोन हजार परत आले नाहीत. पश्चिम युरोपातील दुसऱ्या कोणत्याही व्याप्त देशात हे प्रमाण इतके नाही. त्याची कारणे अनेक आहेत आणि इतिहासकारांत मतभेदही आहेत; परंतु नीटनेटक्या वह्यांचा त्यात वाटा होता, याबद्दल दुमत नाही.

युद्ध संपले तरी खतावणी थांबली नाही. ट्रामचे शेवटचे, ८० गिल्डरचे बिल थकले होते. ते वसूल करण्याचा प्रयत्न १९४७ पर्यंत चालू होता. छावण्यांतून जिवंत परतलेल्या ज्यू घरमालकांना नगरपालिकेने त्यांच्या अनुपस्थितीच्या काळातील भुईभाड्याची थकबाकी आणि वर दंड यांची मागणीपत्रे पाठवली. तुम्ही कोठे होता, असा रकाना त्या कागदात नव्हता. पुढे अभिलेखागारातील ते कागद एका विद्यार्थिनीच्या हाती लागले, शहरात खळबळ उडाली, आणि २०१६ मध्ये नगरपालिकेने एक कोटी युरो परत करण्याचे ठरवले. हेही लक्षात घेतले पाहिजे की शहराने ते कागद जाळले नव्हते. स्वतःविरुद्धचा पुरावा त्याने क्रमांक घालून, धूळ झटकून जपून ठेवला होता. १ जुलै २०२१ रोजी महापौर फेम्के हाल्सेमा यांनी गुलामगिरीतील शहराच्या सहभागाबद्दल, आणि २४ एप्रिल २०२५ रोजी ज्यूंच्या छळातील सहभागाबद्दल जाहीर क्षमा मागितली. दोन्ही क्षमायाचनांमागे जुन्या वह्यांचे वाचन होते.

सप्टेंबर २०२१ मध्ये जुन्या ज्यू वस्तीलगत डॅनियल लिबेस्किंड यांनी रचलेले नामस्मारक खुले झाले. तेथे पुतळा नाही, कविता नाही. विटांच्या भिंती आहेत, कालव्याकाठच्या घरांना वापरतात तशाच विटांच्या. आणि परत न आलेल्या एक लाख दोन हजारांहून अधिक ज्यू, रोमा आणि सिंती माणसांपैकी प्रत्येकासाठी एक वीट. तीवर नाव, जन्मतारीख आणि मृत्यूसमयीचे वय. ज्यांची नावे कोणत्याच वहीत सापडली नाहीत, त्यांच्यासाठी एक हजार कोऱ्या विटा.

नाव, जन्मतारीख, वय: तपशील तेच आहेत, जे नोंदणी कार्यालयाच्या कार्डावर होते. किंबहुना त्या जुन्या नोंदी शिल्लक राहिल्या नसत्या, तर यांतील कित्येक नावे कोरताही आली नसती. ज्या ओळीने माणसाला शोधून काढून गाडीत बसवले, तीच ओळ आज त्याच्या नावाने विटेवर आहे. वही स्वतः निष्पाप नसते आणि दोषीही नसते, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे; पण आम्स्टरडॅमचा इतिहास एवढी सुटका देत नाही. ज्या रकान्यात आज काही धोका दिसत नाही, तो उद्या कोणाच्या हाती जाईल, हा प्रश्न लिहिणाऱ्यानेच विचारायचा असतो. स्मारकावरून थोडे चालत गेले की आम्स्टल नदी लागते, जिच्या बांधापासून हे शहर सुरू झाले. तिचे पाणी आजही ठरलेल्या पातळीवर राखलेले असते. त्याची नोंद रोज होते.